कुणाचा फोटो कुणाच्या वर

‘डिझायनर संपला’ म्हणणारा तो व्हिडिओ तू मला पाठवलास, तिथवर ठीक होतं. आईला कशाला पाठवलास? तिनं लगेच मला फोन केला, ‘हिची लोणीच्या कॉलेजची फी पाण्यात गेली का गं?’ नाही गेली, असं मी तिला सांगितलंय. आता तुलाही जरा सविस्तर सांगते, म्हणजे तुम्ही दोघी मिळून रात्री अकराला माझं डोकं खाणार नाही.

त्या व्हिडिओत खरं आहे तेवढं आधी मान्य करून टाकू. लॉगिनचं पान, प्रोफाइलचं पान, वस्तूंची यादी, तीन रंगांतला डॅशबोर्ड, हे सगळं आता यंत्र काढतं, आणि बरं काढतं. मे 2025 मध्ये फिग्मानं ‘मेक’ आणलं, त्याच महिन्यात गूगलनं ‘स्टिच’. त्याआधी फेब्रुवारीत एआयवाल्या आंद्रे कार्पथीनं, यंत्राला सांगून कोड लिहून घेण्याला, ‘व्हाइब कोडिंग’ हा शब्द काढला होता, आणि वर्ष सरेपर्यंत कॉलिन्सच्या शब्दकोशानं त्याला वर्षाचा शब्द करून टाकलं. आमच्याकडे प्रॉडक्ट मॅनेजर मीटिंगला येताना आता स्वतःच चार स्क्रीन बनवून आणतो. पूर्वी तो वहीत चौकोन काढून आणायचा आणि मला म्हणायचा, ‘जरा सुंदर करून दे.’ ते ‘जरा सुंदर करून दे’वालं काम गेलं. मला त्याचं सुतक नाही.

तू ज्याला घाबरतेस त्याची दुसरी बाजूही बघ. याच फिग्मानं 2024 मध्ये ‘मेक डिझाइन्स’ नावाची सोय काढली होती. हवामानाचं ॲप काढ म्हटलं की ते थेट ॲपलच्या हवामान ॲपसारखंच काढायचं. एका डिझायनरनं हे चव्हाट्यावर आणलं आणि कंपनीला ती सोय तात्पुरती मागे घ्यावी लागली. म्हणजे यंत्र काय करतं, तर आधी हजारदा काढलं गेलेलं पुन्हा काढतं. आणि आधी हजारदा जे काढलं गेलंय ते बहुतेक इंग्रजी वाचणाऱ्या, महाग फोन बाळगणाऱ्या, सावलीत बसलेल्या माणसासाठी. आपल्या हडपसरच्या गाडीतळावर उभ्या असलेल्या माणसासाठी कुणी हजारदा काढलेलंच नाही.

गाडीतळावरून आठवलं. तिथल्या फ्लेक्सवाल्यांकडे कधी जाऊन बसली आहेस का? नसशील तर जा. चहा सांगतात, तासभर बसू देतात. तुमच्या कॉलेजात त्या फ्लेक्सना हसतात हे मला माहितीये, मीही हसायचे. पण बघ तिथे काय चालतं ते. कोरलड्रॉ उघडलेलं असतं, मजकूर श्रीलिपीतला, युनिकोडमधून पेस्ट केला की अक्षरांची खिचडी. अलीकडे वाघ, सूर्य, कडा, मागचा गड, वाढदिवसाच्या भाऊंच्या चेहऱ्यावरचं तेज, हे सगळं एआयकडून येतं. दोन मिनिटांचं काम. आणि तरी तो पोरगा एका फ्लेक्सला तास घालवतो. कशात? फोटोंच्या उतरंडीत. महापुरुष सगळ्यात वर, त्यांच्या डोक्यावर कुणाचं काही येता कामा नये. मग वरच्या नेत्यांचे गोल. मग साहेब. मग स्थानिक दादा. अण्णांचा फोटो दादांच्या बरोबरीनं घ्यायचा की बोटभर खाली? मागच्या महिन्यात जे दुसरीकडे गेले त्यांना काढायचं की ‘समस्त ग्रामस्थ’मध्ये ढकलायचं? खाली शुभेच्छुकांच्या रांगेत ज्यानं पैसे दिलेत तो मधे हवा, पण तसं दिसता कामा नये. तो फोनवर गिऱ्हाइकाला विचारतो, आणि पलीकडचा माणूस क्षणभर गप्प होतो. मग म्हणतो, ‘थांब, विचारून सांगतो.’

बयो, तुझी नोकरी त्या ‘थांब, विचारून सांगतो’मध्ये आहे. यंत्र थांबत नाही आणि विचारतही नाही. त्याला अण्णा-दादांचं वाकडं आलेलं ठाऊक नसतं, आणि ठाऊक नाही हेसुद्धा ठाऊक नसतं. ते आत्मविश्वासानं अण्णांना वर बसवून मोकळं होतं. मग दगड फ्लेक्सवर पडतात, यंत्रावर नाही.

हे फक्त फ्लेक्सपुरतं नाही. हडपसरच्या पोरीला मी वेगळं सांगायला नको, कोविशिल्ड इथलीच. 12 जानेवारी 2021 ला भल्या पहाटे सीरममधून लशीचे पहिले ट्रक पूजा करून निघाले, साऱ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. आणि 1 मेपासून 18 ते 44 वयाच्यांना नियम काय, तर आधी को-विनवर नोंदणी, मग स्लॉट, मग लस. पोर्टल तेव्हा इंग्रजीत. स्लॉट उघडले की बघता बघता संपायचे. ज्यांना कोड येत होता त्यांनी स्लॉटची खबर देणारे छोटे प्रोग्रॅम लिहिले. शहरातली मंडळी गाड्या काढून गावाकडच्या केंद्रांवर पोचली आणि गावकरी आपल्याच केंद्राच्या दारात ताटकळले. ज्या कारखान्यात लस भरली जात होती त्याच्या कुंपणाबाहेर भाजी विकणाऱ्या बाईच्या पोराला ती मिळवायला इंग्रजी, ओटीपी आणि चपळ बोटं लागत होती. 31 मे 2021 ला सर्वोच्च न्यायालयानं सरकारला बजावलं, की नुसत्या पोर्टलवर विसंबून सगळ्यांपर्यंत लस पोचायची नाही, कारण सगळ्यांच्या हातात ते तंत्रज्ञान नाही. जूनमध्ये को-विन मराठीसकट इतर भाषांत आलं, केंद्रावर जाऊन नोंदणीही सगळीकडे खुली झाली.

आता डिझायनर म्हणून बघ. को-विनची स्क्रीन वाईट नव्हती. पांढरं पान, मोठी बटणं, मोजक्या पायऱ्या. पुढे जुलै 2022 पर्यंत त्याच व्यवस्थेनं 200 कोटींवर डोसांची नोंद ठेवली, हे काम लहान नाही, उगाच नाक मुरडू नकोस. पण ‘तरुणांची नोंदणी ऑनलाइनच’ हे ठरताना फ्लेक्सवाल्यासारखं थांबून ‘यात खाली कोण ढकललं जातंय?’ असं विचारणारं कुणी हवं होतं. तुमच्या परीक्षेत को-विनची स्क्रीन सुधारा म्हटलं तर वर्गातले सगळे जण रंग बदलतील. तू नियमाला हात घाल.

बरं, एवढं मोठं नको, हाताएवढं उदाहरण देते. फोनची भाषा मराठी कर आणि आठ-दहा ॲप उघडून बघ. कुठे ना कुठे ‘पूर्ण करा’ असं बटण सापडेल. ‘पूर्ण’मध्ये ऊकार खाली लोंबतो आणि रफार वर चढतो. बटणाची उंची मात्र इंग्रजी अक्षरांवरून बेतलेली, ओळ आवळलेली. वरून रफार छाटला जातो, खालून ऊकार. उरतं काय? ‘पण करा.’ पैसे भरण्याच्या पानावर, सगळ्यात शेवटी, हिरव्या रंगात ‘पण करा.’ माणूस पण करतो आणि ॲप बंद करतो. मग कंपनीत आकडे येतात की मराठी वापरणारे शेवटच्या पायरीवर गळतात, आणि कुणीतरी हुशार म्हणतो, ‘रीजनल यूजरला ट्रस्ट इश्यू आहे.’ ट्रस्ट कसला डोंबलाचा, ऊकार छाटलाय!

मी काय करते सांगू? ‘शेतकऱ्यांची पूर्ण कर्जमुक्ती’ हे तीन शब्द प्रत्येक नव्या फाँटवर, प्रत्येक नव्या बटणावर टाकून बघते. राजकारण म्हणून नव्हे गं. त्यात अर्धा र आहे, त्याच्यावर अनुस्वार आहे, रफार आहे, ऱ्हस्व-दीर्घ दोन्ही उकार आहेत, जोडाक्षर आहे, वेलांटी आहे. ते तीन शब्द धडपणे उभे राहिले की बाकीची मराठी सहसा नीट उभी राहते. आणि ल, श बघायला विसरू नकोस. मराठीचे ल आणि श हिंदीपेक्षा वेगळे, 6 नोव्हेंबर 2009 च्या शासन निर्णयात ते आकार नेमून दिलेत. बऱ्याच चांगल्या फाँटमध्ये दोन्ही आकार असतात, पण हे पान मराठीत आहे असं कोडमध्ये सांगावं लागतं. ते सांगायचं राहिलं की तुझ्या मराठी ॲपमध्ये हिंदी ल येऊन बसतो, आणि सातारा-सांगलीच्या माणसाला नेमकं काय खटकतंय ते कळत नाही, पण खटकतं. विंडोजमधला ‘मंगल’ र. कृ. जोशींनी केला तेव्हापासून आपल्याकडे या विषयावर कसदार काम झालंय. मुंबईच्या ‘एक टाइप’चे मुक्त, बलू हे फाँट फुकट मिळतात. ते उतरवून घे, आतली रचना उलगडून बघ. तुझ्या वर्गात हे करणारी तू एकटी असशील. स्पॉटिफायचं रीडिझाइन करणारे तीस असतील.

यात पोट भरेल का, असं तू विचारणार. भरेल, आणि मी हवेत बोलत नाही. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात लिहिलंय, की माहिती वापरायची परवानगी मागताना तो मजकूर इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांपैकी हव्या त्या भाषेत वाचायची सोय द्यायची. नोव्हेंबर 2025 मध्ये त्याचे नियमही आले. आता ती परवानगीची पाटी मराठीत, चार ओळींत, वकिलाला चालेल आणि मावशीला कळेल अशी कोण लिहिणार? आमच्याकडे या कामाला माणूस सापडत नाही. दुसरं, 30 एप्रिल 2025 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचून ठेव. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून यांना बँकेच्या केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवायला सांगितलं होतं. त्यांना ते शक्यच नव्हतं. न्यायालयानं डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि 20 निर्देश दिले. ‘जिवंत आहे हे सिद्ध करा, डोळे मिचकवा’ हे कुणातरी डिझायनरनंच काढलं होतं ना? तुझ्यामाझ्यासारखीनंच. मुलाखतीत या दोन गोष्टी नीट सांगता आल्या तरी समोरचा पेन खाली ठेवेल.

आता ते लिक्विड ग्लास. तुमच्या ग्रुपवर त्यावरून हाणामारी चाललेली दिसते. जून 2025 मध्ये ॲपलनं काचेसारखी बटणं दाखवली, वाचता येत नाही म्हणून ओरड झाली, नोव्हेंबरच्या आयओएस 26.1 मध्ये काच दाट करायचा पर्याय द्यावा लागला. झालं, एवढंच आहे ते. त्यावर रात्री जागवण्याइतकं काही नाही. त्यापेक्षा दुपारी बाराला आपल्या भाजी मंडईत जा.

तिथे एक पालेभाजीवाली आहे, माझी नेहमीची. भाजीवर सारखं पाणी शिंपडावं लागतं म्हणून तिचा फोन प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी वर गाठ मारलेली. उन्हात त्या पिशवीतून काय दिसणार, कप्पाळ! ती बघतच नाही. पैसे आल्याचं सांगणारा बोलका डबा बोलला की मान न वळवता जुडी पिशवीत टाकते. पण शेजारच्या गाळ्यावरही तोच डबा, तोच आवाज. ‘वीस रुपये’ म्हणाला तर कुणाचे वीस? तिनं आपल्या डब्याला जुनं फडकं गुंडाळलंय. दबका आवाज आला की आपले, खणखणीत आला की शेजारणीचे. मी ते बघितलं आणि जागीच उभी राहिले. एवढ्या मोठाल्या कंपन्या, एवढे रिसर्चवाले, आणि दोन डबे शेजारी ठेवले तर काय होईल हा प्रश्न तिनं एका फडक्यानं संपवला. हे तू कुठल्याही एआयला विचारून बघ, तुला आवाज कमीजास्त करायचं बटण सुचवेल.

म्हणून मी म्हणते, बंगळूरला जायची घाई करू नकोस. (आईनं मला हे सांगायला सांगितलेलं नाही, शपथ.) सतीश मगर यांच्या पुढाकारानं शेतकऱ्यांनी सुमारे 400 एकर एकत्र करून मगरपट्टा सिटी उभी केली. तिथल्या काचेच्या इमारतीतून खाली उतरलं की रिक्षानं दहा मिनिटांत मंडई, पलीकडे रामटेकडीचे कारखाने, गाडीतळावर सासवडहून आलेली माणसं. चार प्रकारचं जग आणि चार प्रकारचे फोन. ज्याला माणसांवर चाचणी करायची त्याला आणखी काय हवं? ट्रॅफिक सोड.

आता जरा कडू. पहिल्या नोकरीत तुला कुणीतरी सांगणार, ‘हा विम्याचा टिक आधीच मारून ठेव,’ किंवा ‘सबस्क्रिप्शन बंद करायचं बटण तिसऱ्या पानावर ने.’ प्रेमानंच सांगतील, कोपऱ्यात नेऊन. तू नवी असशील, पोटात गोळा येईल. तेव्हा नीतिमत्तेवर भाषण देऊ नकोस, कुणी ऐकत नाही. त्याला सांग, ‘सर, याला ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नाव दिलंय.’ 30 नोव्हेंबर 2023 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यात 13 प्रकारचे डार्क पॅटर्न मोजून सांगितलेत. न विचारता टोपलीत काही घालणं हा बास्केट स्नीकिंग, बाहेर पडायची वाट लपवणं हा सबस्क्रिप्शन ट्रॅप. ‘नको, मला माझ्या कुटुंबाची काळजी नाही’ असं लाजवणारं बटण, तेही त्यात. जून 2025 मध्ये ई-कॉमर्स कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःची तपासणी करा असंही सांगितलं गेलं. कायद्याचं नाव निघालं की सर लोकांचा आवाज बदलतो, मी पाहिलंय. आणि जे बोलणं झालं ते त्याच संध्याकाळी साध्या मेलमध्ये टाकायचं, ‘आपल्या बोलण्याप्रमाणे हा टिक रिकामा ठेवते आहे.’ भांडण नाही, आवाज नाही, फक्त कागद. तरीही ऐकलं नाही तर? तर कर, पगार घे आणि दुसरी नोकरी शोधायला लाग. पहिल्याच वर्षी हुतात्मा व्हायचं काही कारण नाही. मात्र ते काम पोर्टफोलिओत मिरवू नकोस.

पोर्टफोलिओचं म्हणशील तर आठ प्रकल्प नकोत. तीन पुरे, त्यातला एक असा हवा की ज्यात खरा माणूस आहे आणि तुझा पहिला अंदाज त्यानं खोटा ठरवलाय. एआयनं काय केलं आणि तू काय केलंस ते उघड लिही. लपवलेलं लगेच कळतं, सगळ्यांच्या स्क्रीनवर तोच जांभळा रंग आणि तीच गोल कोपऱ्यांची कार्डं असतात. इंटर्नशिपमधल्या स्क्रीन कुठल्याही एआयमध्ये चढवण्याआधी करारपत्र वाच, त्यात बहुधा मनाई असते.

आणि फुकटच्या असाइनमेंट. मुलाखतीआधी ‘आमच्या ॲपचं पूर्ण रीडिझाइन करून आणा, सोमवारपर्यंत’ म्हणणाऱ्याला सरळ विचार, याचे पैसे मिळतील का आणि हे काम तुम्ही वापरणार का. दोन-तीन तासांचा, त्यांच्या धंद्याशी संबंध नसलेला प्रश्न असेल तर आनंदानं कर. चार दिवसांचं काम मागणारा नोकरी लागल्यावर रविवारही मागतो.

तुलाही अशी एक असाइनमेंट आलीय म्हणालीस, ती यातली कुठली आहे ते मला अजून कळलेलं नाही. मेल जसाच्या तसा पाठव, स्क्रीनशॉट नको, त्यात तळ कापला जातो आणि अटी नेमक्या तळालाच असतात. उत्तर तू लिही, पण पाठवण्याआधी मला दाखव. आणि शनिवारी सकाळी लवकर ये, दहानंतर सोलापूर रोडला लागलीस तर जेवायलाच पोचशील. फ्लेक्सवाल्याला मी सांगून ठेवते.